बुलिमिया : अधाशीपणा की आजार?

घरात एखादा जरा जास्त जेवू लागला की आपल्याकडे सहज म्हटले जाते, "याला भस्म्या झालाय की काय?" बोलणारा थट्टेने बोलतो आणि ऐकणाराही हसून सोडून देतो. आयुर्वेदात भस्मक नावाची अवस्था सांगितली आहे. तीत जठराग्नी अतिशय प्रखर होतो, खाल्लेले भराभर पचते व पुन्हा पुन्हा भूक लागते, असे तिचे वर्णन आहे. आज आपण ज्या आजाराची माहिती घेणार आहोत, त्यातही माणूस एका बैठकीत प्रचंड खातो. मात्र हा माणूस चारचौघांत बेताचेच जेवतो. तो खातो ते एकटा असताना, घाईघाईने व कोणाला कळू न देता. खाऊन झाल्यावर त्याला इतकी शरम व भीती वाटते की, खाल्लेले कसेही करून शरीराबाहेर काढण्याची धडपड तो करतो. या आजाराचे नाव बुलिमिया.

हा आजार वर्षानुवर्षे लपून राहतो, कारण रुग्णाचे वजन बहुधा सर्वसाधारण असते. तो हाडाडलेला दिसत नाही की फार लठ्ठही दिसत नाही. कॉलेज, नोकरी, घरकाम सारे नीट चाललेले असते. त्यामुळे घरच्यांना शंका येत नाही, आणि आली तर "जिभेवर ताबा नाही" असा शेरा मारून विषय संपवला जातो. वास्तविक बुलिमिया इच्छाशक्तीच्या कमतरतेमुळे होत नाही. तो उपाशी राहण्यातून बळावतो आणि वेळच्या वेळी जेवण्यातून सुटू लागतो. हे सूत्र लक्षात ठेवले तर या आजाराचे स्वरूप व त्याचे उपचार दोन्ही समजणे सोपे जाईल.

आजाराचे स्वरूप

बुलिमिया हा शब्द ग्रीक भाषेतून आला असून त्याचा अर्थ 'बैलासारखी भूक' असा आहे. वैद्यकशास्त्रात या आजाराला 'बुलिमिया नर्व्होसा' म्हणतात. लंडनच्या रॉयल फ्री हॉस्पिटलमधील मानसोपचारतज्ज्ञ डॉ. जेराल्ड रसेल यांनी १९७९ साली ३० रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध करून हा स्वतंत्र आजार असल्याचे प्रथम दाखवून दिले.

तीन गोष्टी एकत्र आढळल्या तर या आजाराचे निदान केले जाते. पहिली, खाण्याचे झटके. थोड्या वेळात, साधारण दोन तासांच्या आत, त्या परिस्थितीत इतर कोणी खाणार नाही एवढे अन्न खाल्ले जाते आणि खाताना 'आता मला थांबताच येत नाही' अशी अवस्था असते. दुसरी, खाल्ल्याचा परिणाम पुसून टाकण्यासाठी केलेले उपाय. मुद्दाम उलटी करणे, जुलाबाच्या किंवा लघवी जास्त होण्याच्या गोळ्या घेणे, दुसऱ्या दिवशी कडकडीत उपास करणे, अंग मोडेपर्यंत व्यायाम करणे हे ते उपाय. तिसरी, स्वतःची सारी किंमत वजनावर आणि बांध्यावर ठरवणे. अमेरिकन सायकिअ‍ॅट्रिक असोसिएशनने २०१३ साली ठरवलेल्या निकषांनुसार, झटका व त्यानंतरचे उपाय हा प्रकार सरासरी आठवड्यातून एकदा याप्रमाणे तीन महिने चालू असेल तर तो आजार समजावा.

लग्नाच्या पंगतीत चार जिलब्या जास्त खाणे म्हणजे बुलिमिया नव्हे. दिवाळीत फराळावर ताव मारून मग "आता दोन दिवस साधे वरणभात" असे म्हणणेही आजारात मोडत नाही. पंगतीत माणूस आनंदाने, सर्वांसमोर खातो. बुलिमियाच्या झटक्यात चवीकडे लक्ष नसते. हाताला लागेल ते, म्हणजे शिळी पोळी, बिस्किटांचा पुडा, डब्यातला फराळ, एकामागून एक पोटात जाते. पोट दुखू लागले, डबा संपला किंवा कोणाची चाहूल लागली म्हणजेच हात थांबतो.

बुलिमियाचा एक सख्खा आजार म्हणजे अ‍ॅनोरेक्सिया. त्यात रुग्ण खाणेच तोडतो व धोकादायक इतका कृश होतो. काही रुग्णांना आधी अ‍ॅनोरेक्सिया होऊन पुढे बुलिमिया होतो. नुसते झटके येतात, पण उलटी, जुलाब वगैरे उपाय केले जात नाहीत, अशीही एक अवस्था आहे. ती वेगळी गणली जाते.

एकादशी अन् दुप्पट खाशी

ही म्हण आपण विनोदाने वापरतो, पण बुलिमियाचे निम्मे शास्त्र तिच्यात आले आहे. एक प्रातिनिधिक उदाहरण घेऊ. अकरावीसाठी मोठ्या गावात वसतिगृहावर राहिलेली एक मुलगी. सुट्टीत घरी आल्यावर कोणीतरी म्हणते, "मेसचे जेवण मानवलेले दिसतेय." तिच्या मनाला ते लागते. परत गेल्यावर ती सकाळचा नाश्ता सोडते, दुपारी अर्धी पोळी खाते, भात बंद करते. आठ-दहा दिवस वजन उतरते, मैत्रिणी कौतुक करतात. मग एका रात्री अभ्यास करताना घरून आलेला चिवड्याचा डबा उघडला जातो व सबंध संपतो. त्यावर लाडू, त्यावर शेजारणीची बिस्किटे. नंतर ती घाबरते व उलटी करते. त्या क्षणी सुटल्यासारखे वाटते. 'उद्यापासून अजिबात खायचे नाही' असा निश्चय करून ती झोपते. हा निश्चयच पुढच्या झटक्याची तयारी असते, हे तिला ठाऊक नसते.

उपास, झटका, उलटी, शरम आणि पुन्हा उपास, असे हे चक्र आहे. उलटीमुळे 'खाल्ले तरी चालेल, काढून टाकता येते' असा समज मनात घट्ट होतो. त्यामुळे झटके मोठे होतात व वारंवार येऊ लागतात. सुरुवातीला महिन्यातून एखादे वेळी घडणारा प्रकार पुढे रोजचा होऊ शकतो.

उपाशी शरीर असे का वागते याचा एक प्रसिद्ध पुरावा आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस, १९४४-४५ मध्ये, अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात अ‍ॅन्सेल कीज या शास्त्रज्ञाने ३६ निरोगी तरुणांवर त्यांच्या संमतीने एक प्रयोग केला. सुमारे सहा महिने त्यांना गरजेच्या साधारण निम्मेच अन्न दिले गेले. त्यांचे वजन जवळजवळ चतुर्थांशाने घटले. हे तरुण शरीराने व मनाने धडधाकट म्हणून निवडलेले होते आणि बारीक होण्याची हौस त्यांपैकी कोणालाच नव्हती. तरीही त्यांच्या डोक्यात रात्रंदिवस अन्न घोळू लागले. काहीजण पाककृतींची पुस्तके वाचत बसत. चिडचिड व उदासी वाढली. काहींनी नियम मोडून चोरून खाल्ले व नंतर स्वतःलाच दोष दिला. प्रयोग संपून भरपूर अन्न मिळू लागले तेव्हा अनेकांनी पोट फुटेस्तोवर खाल्ले, तरी त्यांचे समाधान होईना.

उपासमार झाली की शरीर दुष्काळ पडल्यासारखे वागते आणि अन्न दिसताच साठा करू पाहते. हा निसर्गाचा नियम आहे. म्हणून झटका आलेल्या माणसाला "जरा ताबा ठेव" असे सांगणे म्हणजे बराच वेळ श्वास कोंडलेल्याला "धापा टाकू नकोस" असे सांगण्यासारखे आहे.

कोणाला होतो? कशामुळे होतो?

बुलिमियाची सुरुवात बहुधा पौगंडावस्थेच्या अखेरीस किंवा विशीच्या आसपास होते. मुलींमध्ये तो जास्त आढळतो, पण मुलांनाही होतो. ज्यांना ठरावीक वजनगटात बसावे लागते असे कुस्तीगीर व मुष्टियोद्धे, नृत्य किंवा जिम्नॅस्टिक्स करणारी मुले-मुली यांनी विशेष सावध राहावे. हा आजार फक्त श्रीमंतांचा किंवा मोठ्या शहरांचा आहे, ही समजूत चुकीची आहे.

याला कोणतेही एक कारण नसते. काही कुटुंबांत असे आजार जास्त दिसतात, म्हणजे आनुवंशिकतेचा काही भाग आहे. नैराश्य, चिंतेचा स्वभाव, प्रत्येक गोष्ट अगदी काटेकोर झाली पाहिजे असा हट्ट, लहानपणी झालेली हेटाळणी किंवा अत्याचार यांमुळे धोका वाढतो. या साऱ्यावर ठिणगी पडते ती बहुतेक वेळा कडक 'डाएट'ची. मुलगी बघण्याच्या कार्यक्रमाआधी "थोडी बारीक हो" असे सांगणारे नातेवाईक, वर्गात 'जाडी' म्हणून हाक मारणारी मुले आणि पडद्यावरच्या सडपातळ आकृत्या ही ठिणगी पुरवतात.

पडद्याचा परिणाम किती होतो, हे फिजी बेटांवरील अभ्यासातून दिसले. आपल्याकडे 'खात्यापित्या घरची' असे जसे कौतुकाने म्हणतात, तसेच तेथेही भरलेला बांधा चांगला मानला जाई. फिजीच्या नाद्रोगा भागात १९९५ साली दूरदर्शन संच आले. हार्वर्ड विद्यापीठाच्या डॉ. अ‍ॅन बेकर यांनी त्याच वर्षी व पुन्हा १९९८ साली तेथील शाळकरी मुलींची पाहणी केली. वजनासाठी मुद्दाम उलटी करतो असे १९९५ मध्ये एकाही मुलीने सांगितले नव्हते. १९९८ मध्ये तसे सांगणाऱ्या मुलींचे प्रमाण शेकडा ११.३ होते. अवघ्या तीन वर्षांतला हा बदल आहे. आज प्रत्येक मुलाच्या हातात मोबाइल आहे, हे लक्षात घेता पालकांनी यावर विचार करावा.

पैसा, प्रतिष्ठा यांनी हा आजार टळत नाही. ब्रिटनच्या राजकन्या डायना यांनी नोव्हेंबर १९९५ मध्ये बीबीसीच्या मुलाखतीत, आपल्याला अनेक वर्षे बुलिमिया होता, असे उघडपणे सांगितले. साऱ्या जगाचे कॅमेरे ज्यांच्यावर रोखलेले होते, त्यांचाही आजार इतकी वर्षे लोकांच्या नजरेआड राहिला.

शरीरावर होणारे परिणाम

वारंवार उलट्या व जुलाब झाल्याने शरीरातील पाणी व क्षार निघून जातात. त्यांतील सर्वांत महत्त्वाचा क्षार म्हणजे पोटॅशियम. स्नायूंचे आकुंचन व हृदयाचे ठोके यांच्यासाठी तो आवश्यक असतो. रक्तातील त्याचे प्रमाण लॅबच्या अहवालात साधारण ३.५ ते ५ दरम्यान असावे लागते. ते फार घसरले तर थकवा येतो, पायांत गोळे येतात, छातीत धडधडते व हृदयाची लय बिघडून अचानक मृत्यूही येऊ शकतो. दिसायला ठणठणीत व वजनाने बरोबर असलेल्या व्यक्तीलाही हा धोका असतो.

जठरातील आम्ल वारंवार तोंडात आल्याने दातांवरचे कठीण आवरण झिजते. वरच्या पुढच्या दातांच्या आतल्या बाजूस ही झीज जास्त दिसते. दात शिवशिवतात, त्यांच्या कडा पातळ होतात. त्यामुळे हा आजार कधीकधी प्रथम दंतवैद्याच्या लक्षात येतो. कानाखालच्या लाळग्रंथी सुजून गाल फुगीर दिसतात. "गालगुंड झाले का?" असे लोक विचारतात, पण ताप नसतो आणि सूज आठवडेच्या आठवडे टिकते. घसा सतत दुखतो, आवाज बसतो, छातीत जळजळते. अन्ननलिकेला चीर पडून उलटीतून रक्त येऊ शकते. जुलाबाच्या गोळ्यांची सवय लागली की, त्यांच्याशिवाय शौचाला होईनासे होते. मासिक पाळी अनियमित होते. इन्सुलिन घेणारे काही मधुमेही तरुण वजन उतरावे म्हणून इन्सुलिनच टाळतात. हा तर जिवाशी खेळ आहे.

मनाची हानीही मोठी असते. उदासी, एकलकोंडेपणा, काहींच्या बाबतीत स्वतःला इजा करण्याचे किंवा आत्महत्येचे विचार येतात. असे विचार कोणी बोलून दाखवले तर ते धमकी समजून उडवून लावू नयेत.

चक्कर येऊन पडणे, छातीत धडधड किंवा दुखणे, उलटीतून रक्त, हातपाय अतिशय लुळे वाटणे, पोटात असह्य दुखणे किंवा मनात आत्महत्येचा विचार, यांपैकी काहीही आढळल्यास दुसऱ्या दिवसाची वाट न पाहता रुग्णालय गाठावे. घरी केळी किंवा नारळपाणी देऊन भागणार नाही.

दोन घातक गैरसमज

पहिला, 'काढून टाकले की वजन वाढत नाही.' उलटी केली तरी खाल्लेल्यापैकी बराच भाग पोटात राहतोच. जुलाबाच्या गोळ्या मुख्यतः मोठ्या आतड्यावर काम करतात, आणि अन्नातील सत्त्व तर त्याआधीच लहान आतड्यात शोषले गेलेले असते. काट्यावर जे वजन कमी दिसते ते पाण्याचे, आणि पाणी प्यायल्यावर ते परत येते. म्हणजे धोका पत्करूनही हाती काही लागत नाही.

दुसरा, 'उलटी म्हणजे शरीरशुद्धीच की!' आयुर्वेदातील वमन किंवा योगातील वमनधौती यांचा दाखला देऊन काहीजण स्वतःची समजूत घालतात. वमन हे पंचकर्म वैद्याने रुग्णाची प्रकृती तपासून, पूर्वतयारी करून, विशिष्ट रोगासाठी द्यायचे असते. झटक्यानंतर चोरून केलेल्या उलटीचा त्याच्याशी काडीचा संबंध नाही. शरीराचे वेग बळेच अडवणे जसे वाईट, तसेच वेग आलेला नसताना तो बळेच निर्माण करणेही रोगाला कारण होते, असे वाग्भटाने अष्टांगहृदयात स्पष्ट बजावले आहे.

घरच्यांच्या लक्षात कसे यावे?

जेवण झाल्याबरोबर उठून संडास-न्हाणीघरात जाणे व नळ सोडून ठेवणे, फराळाचे डबे एकाएकी रिकामे होणे, कपाटात किंवा गादीखाली रिकामी वेष्टने सापडणे, 'मेडिकल'मधून जुलाबाच्या गोळ्या आणल्या जाणे, सर्वांबरोबर जेवायला टाळाटाळ, दिवसातून अनेकदा वजन करणे, हाताच्या बोटांच्या सांध्यांवर मागील बाजूस घट्टे किंवा व्रण, फुगलेले गाल, झिजलेले दात. यांपैकी एखादी खूण असली म्हणजे आजारच आहे असे नाही. मात्र तीन-चार खुणा एकत्र दिसल्या तर चौकशी करणे आवश्यक आहे.

अनेक रुग्ण 'अ‍ॅसिडिटी'ची तक्रार घेऊन फॅमिली डॉक्टरांकडे जातात व गोळ्या घेऊन परततात. खरी गोष्ट सांगण्याची लाज वाटते. डॉक्टरांना खरे सांगितले तरच योग्य तपासण्या होतील. ही माहिती डॉक्टरांनी गुप्त ठेवायची असते.

उपचार

सर्वप्रथम शारीरिक तपासणी होते. नाडी, रक्तदाब, रक्तातील क्षारांचे प्रमाण व मूत्रपिंडाचे कार्य पाहतात आणि गरजेप्रमाणे हृदयाचा आलेख काढतात. बहुतेक रुग्णांना घरी राहूनच उपचार घेता येतात. क्षार धोकादायक पातळीवर उतरले असतील, गर्भारपणासारखी नाजूक अवस्था असेल किंवा आत्महत्येचा धोका असेल तर दाखल करावे लागू शकते.

मुख्य उपचार आहे तो बोलण्यातून व वागण्यातून होणारा, म्हणजे वर्तन व विचार बदलण्याची मानसोपचार पद्धती. बुलिमियासाठी ही पद्धत ऑक्सफर्डचे डॉ. ख्रिस्तोफर फेअरबर्न यांनी विकसित केली व १९८१ मध्ये प्रथम मांडली. सुमारे पाच महिन्यांत वीस बैठका, असा तिचा साधारण आराखडा असतो. या बैठकांत नुसता उपदेश नसतो. पायरीपायरीने काम चालते.

पहिली पायरी नोंदवहीची. काय खाल्ले, केव्हा, कोठे, त्या वेळी मनात काय होते, हे रुग्ण त्या त्या वेळी लिहितो. आठ-पंधरा दिवसांत चित्र स्पष्ट होते. बहुतेकांना दिसून येते की, ज्या दिवशी दुपारचे जेवण चुकवले त्याच संध्याकाळी झटका आला.

दुसरी पायरी सर्वांत महत्त्वाची, ती म्हणजे वेळापत्रकाप्रमाणे जेवणे. दिवसातून तीन जेवणे व दोन-तीन वेळा थोडे खाणे असे असावे, आणि दोन खाण्यांत तीन-चार तासांहून जास्त अंतर पडू देऊ नये. सकाळी पोहे किंवा उपमा, अकराच्या सुमारास फळ, दुपारी पोळी-भाजी-वरण-भात, साडेचारला चहाबरोबर काही, रात्री आठला जेवण, झोपताना दूध, असे काहीही चालेल. भूक लागो न लागो, वेळ झाली की खायचे. रात्री झटका येऊन कितीही खाल्ले गेले असले तरी दुसऱ्या दिवशीचा नाश्ता चुकवायचा नाही. रुग्णाला हे सर्वांत अवघड वाटते, कारण वजन भराभर वाढेल अशी भीती असते. प्रत्यक्षात झटके कमी झाल्यामुळे बहुतेकांच्या वजनात फारसा फरक पडत नाही. वजन आठवड्यातून एकदाच करायचे असते.

पुढच्या पायरीत झटक्याची ऊर्मी ओळखून ती टळेपर्यंत दुसरे काही करायला शिकवतात. मैत्रिणीला फोन, बाहेर फेरफटका, आंघोळ, जे जमेल ते. ऊर्मी लाटेसारखी येते व ओसरते, हे रुग्णाला अनुभवाने पटते. त्यानंतर 'निषिद्ध' ठरवलेले पदार्थ, उदाहरणार्थ भात, बटाटा, गोड, हळूहळू रोजच्या जेवणात आणले जातात. शेवटी वजनावरून स्वतःची किंमत करण्याच्या सवयीवर, चिंतेवर व नात्यांतील ताणांवर काम होते आणि आजार पुन्हा डोके वर काढू लागला तर काय करायचे, ते ठरवून ठेवले जाते.

ब्रिटनमधील 'नाइस' संस्थेच्या २०१७ च्या मार्गदर्शिकेनुसार, प्रौढ रुग्णांना सुरुवातीस याच पद्धतीवर आधारित स्वयंमदत पुस्तिका द्यावी, सोबत चार ते नऊ छोट्या बैठका घ्याव्यात आणि त्याने भागले नाही तर पूर्ण उपचार द्यावेत. वयाने लहान रुग्णांसाठी आईवडिलांना सामील करून घेणारी कुटुंबोपचार पद्धती सुचवली आहे.

औषधांमध्ये फ्लुऑक्सेटीन हे औषध उपयोगी ठरले आहे. रुग्णाला नैराश्य नसले तरी त्याने झटके कमी होतात. बुलिमियासाठी लागणारी मात्रा नैराश्यातील नेहमीच्या मात्रेहून बहुधा जास्त असते. तरुणांत सुरुवातीच्या काही आठवड्यांत मनःस्थितीवर लक्ष ठेवावे लागते. म्हणून हे औषध मानसोपचारतज्ज्ञांच्या देखरेखीखालीच घ्यावे व मनाने बंद करू नये. केवळ गोळ्यांवर विसंबणे पुरेसे नाही, मानसोपचाराची जोड हवीच.

जुलाबाच्या गोळ्या रोज घेणाऱ्याने त्या डॉक्टरांच्या सल्ल्याने बंद कराव्यात. त्या थांबवल्यावर काही दिवस पायांवर सूज येते व वजन वाढल्यासारखे दिसते. ते पाणी असते व उतरते. हे आधी सांगितले नाही तर रुग्ण घाबरून पुन्हा गोळ्या सुरू करतो. उलटी झालीच तर लगेच दात घासू नयेत, कारण मऊ झालेले आवरण ब्रशने अधिक झिजते. पाण्याने चुळा भराव्यात.

गुण किती येतो?

कोपनहेगनमध्ये ७० रुग्णांवर झालेल्या व २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, वर नमूद केलेल्या वीस बैठकांच्या उपचाराने पाच महिन्यांत शेकडा ४२ रुग्णांचे झटके व उलट्या पूर्ण थांबल्या. दोन वर्षांनीही हे प्रमाण शेकडा ४४ होते. बॉस्टनमध्ये रुग्ण स्त्रियांचा २२ वर्षे मागोवा घेण्यात आला. त्याचा निष्कर्ष २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात बुलिमियाच्या १०० पैकी सुमारे ६८ स्त्रिया बऱ्या झालेल्या आढळल्या. म्हणजे काहींना लवकर, काहींना उशिरा, पण बहुतेकांना गुण येतो. मध्येच एखादा झटका आला म्हणून सारे फुकट गेले असे मानू नये.

घरच्यांनी काय करावे, काय टाळावे?

१) शांत वेळ पाहून एकट्याशी बोलावे. "तू चोरून खातेस" असे न म्हणता "तुला त्रास होतोय असे वाटते, आपण डॉक्टरांकडे जाऊ" असे म्हणावे.

२) वजन, बांधा, रंग यांवर घरात कोणाचीही टीका वा कौतुक करू नये. "बारीक झालीस, छान दिसतेस" हेही टाळावे.

३) फराळाच्या डब्यांना कुलूप लावणे, ताटातले मोजणे, संडासाबाहेर पहारा देणे याने शरम वाढते व लपवाछपवीही वाढते.

४) निदान एक वेळचे जेवण सर्वांनी एकत्र घ्यावे. जेवताना आजाराचा विषय काढू नये. जेवणानंतर अर्धा-पाऊण तास गप्पा, पत्ते, टीव्ही यांत रुग्णाला सोबत द्यावी.

५) उपचार चालू असेपर्यंत एकादशी, संकष्टी, नवरात्र यांचे उपास बंद ठेवावेत. आजाऱ्याला उपासातून सूट असते, हे आपली वडीलधारी माणसे जाणतात. ही सूट त्यांनीच पुढे होऊन द्यावी, म्हणजे रुग्णाच्या मनाला टोचणी राहणार नाही.

६) वेळ लागला तरी चिडू नये. "एवढा खर्च केला तरी तुझे तेच" हे वाक्य उपचाराला मागे नेते.

कोठे जावे?

सुरुवात आपल्या फॅमिली डॉक्टरांपासून करावी. जिल्हा रुग्णालयातील मानसोपचार विभागात तपासणी व सल्ला मिळू शकतो. केंद्र सरकारची 'टेली-मानस' ही दूरध्वनी सेवा ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झाली. १४४१६ या क्रमांकावर ती मोफत व रात्रंदिवस उपलब्ध आहे आणि मराठीतूनही बोलता येते. प्रथम समोरासमोर बोलण्याचा संकोच वाटत असेल त्यांना तिचा उपयोग होईल.

हे वाचणाऱ्यांपैकी एखाद्याला किंवा एखादीला आपलीच हकिगत वाचल्यासारखे वाटले असेल. त्यांनी दोन गोष्टी कराव्यात. उद्याचा नाश्ता चुकवू नये. आणि विश्वासाच्या एका माणसाला, मग ती आई असो, मैत्रीण असो, शिक्षक असोत वा डॉक्टर, हे सांगावे. जोवर कोणालाच ठाऊक नसते तोवर हा आजार वाढत राहतो. एका माणसाला कळले की उपचाराची वाट मोकळी होते.